गल्लीतला माणूस खचलाय हे कळल्यावर काय करायचं: आत्महत्या रोखण्यासाठी कोल्हापूरकरांना पायरी-पायरीची वाट

हे वाचताना तुमच्या स्वतःच्या मनात किंवा घरातल्या कुणाच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत असतील, तर लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. ही केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा आहे. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. कुणी स्वतःला इजा करून घेतली असेल किंवा त्या बेतात असेल, तर १०८ किंवा ११२ लावा. शहरात किंवा आसपास असाल तर थेट सीपीआर गाठा, म्हणजे दसरा चौकाजवळचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय.

पुढचं सगळं लिहिलंय ते आजूबाजूच्यांसाठी. तालमीतली पोरं, दूध संस्थेचा सचिव, बचत गटाची अध्यक्षा, आशाताई, अभ्यासिका चालवणारा, शेजारीण, कुणीही. डॉक्टरांचं काम डॉक्टर करतीलच, पण डॉक्टरांपर्यंत पोहोचायच्या आधी आणि दवाखान्यातून परत आल्यावर माणूस असतो तो आपल्याच गल्लीत.

आपल्याकडं कशाला, असं म्हणू नका

शेतकरी आत्महत्या म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विदर्भ-मराठवाडा येतो. आपल्याकडं पंचगंगा आहे, ऊस आहे, कारखाने आहेत, दूध आहे, मग आपल्याकडं कशाला, असा एक समज कोल्हापुरात खोल रुजलाय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे बघा. त्या वर्षी देशात १,७०,९२४ लोकांनी जीव दिला. त्यातले २२,७४६ महाराष्ट्रातले होते, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. नोंदलेल्या कारणांत सगळ्यांत वर कौटुंबिक अडचणी, जवळपास ३२ टक्के. त्याखालोखाल आजारपण, १८ टक्क्यांच्या वर. दहांतले सात पुरुष होते. चारांतल्या एकाहून जास्त जण रोजंदारीवर जगणारे होते.

घरातली भांडणं, न बरं होणारं दुखणं आणि हातावरचं पोट या गोष्टी इचलकरंजीच्या यंत्रमागावरही आहेत, शिरोलीच्या फौंड्रीतही आहेत आणि मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांतही आहेत. कालव्याला पाणी आलं म्हणून त्या मिटत नाहीत.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या, कारण पुढची सगळी मेहनत तिच्यावर उभी आहे. जीव द्यावा असं वाटणारा माणूस बहुतेक वेळा शेवटपर्यंत दुमनात असतो. त्याला मरायचं असतं त्यापेक्षा तो त्रास थांबवायचा असतो. कडेलोटाची ती वेळ पुष्कळदा काही मिनिटांची, काही तासांची असते. तेवढा वेळ निभावला तर माणूस मागे फिरतो, आणि त्या वेळेत त्याच्या सगळ्यांत जवळ असतो तो शेजारी.

पायरी पहिली: चार-पाच माणसं नक्की करा

'सगळ्यांनी लक्ष ठेवूया' असं ठरलं की कुणीच लक्ष ठेवत नाही. म्हणून नावं ठरवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कुठल्या घरात म्हातारी माणसं आहेत, कुणाला आधी बाहेर काढायचं, हे मंडळांच्या पोरांना यादी न बघता माहीत होतं. ती माहिती आजही गल्लीत आहे. तिचा वापर पाणी यायच्या दिवसापुरताच करायचा असं कुठं आहे?

माणसं निवडताना पदाकडं बघू नका. ज्याच्यापाशी लोक मन मोकळं करतात आणि ज्याच्या पोटात गोष्ट राहते, असा माणूस हवा. निदान दोन बायका हव्यातच. सासुरवाशीण आपलं दुखणं मंडळाच्या अध्यक्षाला सांगणार नाही. एखादा तिशीच्या आतला हवा, कारण कॉलेजची पोरं त्याच वयाच्या माणसाशी बोलतात. गावात असाल तर आशाताईला सोबत घ्याच. ती घराघरांत जाते, प्राथमिक आरोग्य केंद्राशी तिचा रोजचा संबंध असतो आणि तिच्या जाण्यायेण्याचा कुणाला संशय येत नाही.

याशिवाय काही माणसांना नुसतं सांगून ठेवायचं. त्यांच्या नजरेला जे दिसतं ते घरच्यांनाही दिसत नाही. रोज दोन वेळा दूध घालायला येणारा माणूस आठवडाभर आला नाही, हे संस्थेत कळतं. बचत गटाच्या बैठकीला सलग गैरहजर राहणारी बाई हप्त्याच्या अडचणीत असू शकते. केशकर्तनालयात माणूस आरशासमोर वीस मिनिटं बसतो आणि बरंच बोलून जातो. कृषी सेवा केंद्र आणि औषधाचं दुकान तर फारच महत्त्वाचं. एरवी न येणारं माणूस अवेळी, घाबरंघुबरं होऊन काही मागायला आलं तर 'उद्या मिळेल' म्हणून थांबवता येतं आणि घरी एक फोन करता येतो.

पायरी दुसरी: खुणा ओळखा

बोलण्यातनं खूण मिळते. 'माझं आता काय खरं न्हाई', 'मी नसलो तर तुम्ही सुटाल', 'बघा, आता त्रास देणार न्हाई कुणाला'. अशी वाक्यं आपण हसण्यावारी नेतो किंवा रागावून गप्प करतो. आत्महत्येचं बोलणारा ती करत नाही, हा समज साफ खोटा आहे. पुष्कळ जण आधी कुणाला ना कुणाला सूचना देऊन जातात.

वागण्यातनंही मिळते. संध्याकाळी न चुकता कट्ट्यावर येणारा यायचा बंद होतो. फुटबॉलच्या हंगामात मैदान चुकवणारा पोरगा. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, दारू एकदम वाढलेली. आवडीची वस्तू कुणालातरी देऊन टाकणं, कारण नसताना उधाऱ्या चुकत्या करणं, कागदपत्रं बायकोला समजावून सांगणं, लांबच्या नातेवाइकांना 'सहज' भेटून येणं. महिनोन् महिने खचलेला माणूस एका सकाळी अचानक शांत, हलका दिसायला लागला तर घरच्यांना हायसं वाटतं. तेव्हा जास्त लक्ष ठेवा. कधी कधी तो निर्णय झाल्यानंतरचा हलकेपणा असतो.

आणि काही दिवसच धोक्याचे असतात. दहावी-बारावीचे आणि स्पर्धा परीक्षांचे निकाल, घरातलं मरण, मोडलेलं लग्न, पोलिसांत गेलेलं प्रकरण, जप्तीची नोटीस, मोठ्या आजाराचं निदान, दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यानंतरचे पहिले आठवडे. ज्यानं आधी एकदा प्रयत्न केलाय त्याला धोका सगळ्यांत जास्त. 'त्यानं नाटक केलं होतं' असं म्हणणाऱ्याला तिथंच थांबवा.

पायरी तिसरी: विचारा, आणि सरळ विचारा

इथं सगळे अडखळतात. विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू, अशी भीती असते. यावर बरंच संशोधन झालंय आणि तसं होत नाही, हेच त्यातून दिसलंय. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला मोकळं वाटतं. इतके दिवस एकट्यानं वाहिलेली गोष्ट पहिल्यांदा उच्चारता येते.

जागा निवडा. चारचौघांत, चहाच्या गाड्यावर, मित्रांच्या घोळक्यात नको. रंकाळ्यावर फेरी मारताना, शेताच्या बांधावर, गाडीवरनं जाताना बाजूला थांबून बोलता येतं. विशेषतः पुरुषांना समोरासमोर बसवून डोळ्यांत बघून विचारलं तर ते मिटून जातात. शेजारी-शेजारी बसलं, चाललं की बोलतात. आपल्याकडचा रांगडेपणा चांगलाच आहे, पण त्यापायी माणूस मोडला तरी 'काय न्हाई, मस्त' म्हणत राहतो. त्याच्या त्या 'मस्त'वर थांबू नका.

बोलणं साधारण असं होऊ शकतं:

'भावा, आठ दिवस झालं तालमीकडं फिरकला न्हाईस. फोन बी उचलत न्हाईस. काय झालंय?'

'काय न्हाई रं. असंच.'

'असंच न्हाई ते. तोंडावरनं दिसतंय. मला कुठं जायची घाई न्हाई, बस जरा.'

मग खरोखर बसायचं. मोबाइल खिशात. तो गप्प राहिला तर आपणही गप्प राहायचं. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. त्यातनंच पहिलं वाक्य येतं. धंद्याचं, घरचं, पैशाचं काय असेल ते बाहेर पडायला लागलं की मध्ये सल्ला न देता ऐकायचं. आणि मग हे विचारायचं:

'एवढं सगळं अंगावर आलं की माणसाला वाटतं, नको हे जगणं. तुझ्या मनात तसं येतंय का? जीव द्यायचा विचार येतोय का?'

शेवटचं वाक्य गाळू नका. नुसतं 'तसलं काय मनात न्हाई न्हवं?' असं विचारलं तर उत्तर 'न्हाई'च येणार, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय हे त्याला कळतं.

शेजारच्या वहिनींना विचारताना सूर वेगळा लागेल. 'वहिनी, हल्ली लई गप-गप असतायसा. झोप लागते का? मला सांगा, मी घरात कुणाला बोलणार न्हाई तुम्हाला न विचारता. कधी असं वाटतं का, की सगळं संपवावं, जीव द्यावा?' सासू-नवरा घरात असताना हे विचारू नका. धुण्याला, देवळात, मुलांना शाळेत सोडायला जाताना विचारा. वयस्क माणसांना आपण सहसा विचारतच नाही. मुलगा पुण्याला, मुलगी मुंबईला, अण्णा एकटे, त्यात गुडघे आणि मधुमेह. त्यांनाही विचारा.

उत्तर 'हो' आलं तर चेहरा बदलू देऊ नका. 'बरं झालं सांगितलंस' एवढं म्हणा. 'येड्यागत काय बोलतोस', 'पोरांचं काय होईल याचा विचार केलास का', 'आमच्यावर काय कमी प्रसंग आलं?', 'मर्दासारखा मर्द तू' ही वाक्यं जिभेवर येतील. गिळा ती. पोरांचा विचार तो दिवसरात्र करतोय. त्यापायीच आपण ओझं झालोय असं त्याला वाटतंय. देवाची शपथ घालून विषय मिटवू नका. शपथेनं फक्त एवढंच होतं की पुढच्या वेळी तो तुम्हाला सांगणार नाही.

गुपित ठेवायचं वचन देताना जपून. 'गावभर करणार न्हाई, पण तुझा जीव धोक्यात असला तर मी एकटा ठेवून बसणार न्हाई, तुला सांगूनच आणखी एकाला मदतीला घेणार' असं आधीच बोलून टाका. वहिनींनाही हेच सांगा.

पायरी चौथी: आजची रात्र

विचार येतात असं कळल्यावर आणखी तीन गोष्टी विचारा. कसं करायचं ते ठरवलंय का? कधी, ते ठरवलंय का? त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का? विचार अधूनमधून येतात, पण यातलं काही ठरलेलं नाही, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडं न्यायचं आणि रोज संपर्क ठेवायचा. ठरलेलं असेल, साधन हाताशी असेल, किंवा माणूस दारू प्यालेला आणि भडकलेला असेल, तर वाट बघायची नाही.

तेव्हा त्याला एक मिनिटही एकटं सोडू नका. संडासला गेला तरी दाराबाहेर कुणीतरी हवं, आणि कडी आतनं लावायची नाही. दुसऱ्या माणसाला फोन करून बोलवा. तोवर १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्या किंवा स्पीकरवर ठेवून तुम्हीच बोला. जवळचा माणूस म्हणून तुम्हालाही तिथं सल्ला मिळतो. मग गाडी करून दवाखाना. रात्र आहे म्हणून सकाळवर ढकलू नका.

काही पोटात घेतलं असल्याची शंका आली तर मीठपाणी पाजून उलटी करवायच्या भानगडीत पडू नका. तो घरगुती उपाय जीवावर बेततो. १०८ लावा, बाटली किंवा पाकीट सापडलं तर सोबत घ्या. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा आणि तोंडात पाणीही घालू नका. आता बरं वाटतंय असं तो म्हणाला तरी न्यायचंच, कारण काही विषारी द्रव्यांचा परिणाम उशिरा दिसतो.

पायरी पाचवी: हाताशी काही राहू देऊ नका

मला विचाराल तर गावानं एकच काम करायचं ठरवलं तर हे करावं. माणसाला समजावणं कठीण असतं, कुलूप लावणं सोपं असतं.

१९९५ च्या सुमारास आत्महत्यांचं प्रमाण जगात सगळ्यांत जास्त असलेल्या देशांत श्रीलंका होती. सरकारनं सर्वांत घातक कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि पुढच्या वीस वर्षांत प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. शेतीचं उत्पन्न त्यामुळं घटल्याचं दिसलं नाही. एक साधन मिळालं नाही म्हणून माणूस दुसरं शोधतोच असं नाही. बहुतेकांची ती वेळ टळते. तमिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या गटानं गावात फवारणीच्या औषधांचं सामायिक साठवण केंद्र करून बघितलं: प्रत्येक शेतकऱ्याचा कुलपाचा कप्पा, लागेल तेव्हा न्यायचं, उरलेलं परत ठेवायचं.

आपल्याकडं हे विकास सोसायटीच्या गोदामात किंवा ग्रामपंचायतीच्या एखाद्या खोलीत करता येईल. तेवढं होईतो घरोघरी पत्र्याची कुलपाची पेटी, ती राहत्या घराबाहेर आणि किल्ली घरातल्या शहाण्या माणसाकडं. ज्याच्याबद्दल काळजी आहे त्याच्या घरातलं सगळं औषध शेजाऱ्यानं आपल्याकडं नेऊन ठेवावं, फवारणीला त्यानंच आणून द्यावं. हंगाम संपल्यावर उरलेलं घरात ठेवू नये. रोजच्या गोळ्यांचंही तसंच: महिन्याच्या एकदम न देता दोन-तीन दिवसांच्या द्यायच्या आणि बाकीच्या दुसऱ्यानं सांभाळायच्या.

हे त्याच्या पाठीमागं लपूनछपून करू नका. 'थोडे दिवस हे माझ्याकडं राहू दे, तू बरा झालास की परत घे' म्हणा. बरेच जण आढेवेढे न घेता देतात.

पायरी सहावी: दवाखान्यापर्यंत सोबत जा

पत्ता सांगून चालत नाही, सोबत जावं लागतं. खचलेल्या माणसाला केसपेपरच्या रांगेत उभं राहणंही जमत नाही. सीपीआर हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं रुग्णालय आहे आणि तिथं मानसोपचार विभाग आहे. चंदगड, आजरा, शाहूवाडी, गगनबावडा अशा लांबच्या तालुक्यांतून येणाऱ्याला एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीनं यावं लागतं. मंडळानं प्रवासखर्च आणि सोबतीचा माणूस एवढं दिलं तरी पुष्कळ. त्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. तिथनं चिठ्ठी मिळते आणि काही वेळा तिथंच उपचार सुरू होतात.

घरचे तीन कारणांनी अडतात.

पहिलं, पोलीस. प्रयत्न केलेला माणूस दवाखान्यात आला की पोलिसांकडं नोंद होते, जबाबाला कुणी येतं, आणि या भीतीनं लोक माणसाला घरातच ठेवतात. त्यांना सांगा: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ उरलेलंच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिलाय.

दुसरं, देवऋषी. अंगारा, उतारा, अमावस्येची वारी. इथं वाद घालत बसलात तर दार बंद होईल. 'देवाचं देवाला, डॉक्टरचं डॉक्टरला, दोन्ही करू, पण डॉक्टर उद्याच' म्हणा. मात्र मारहाण, उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं यातलं काही होत असेल तर तिथं मवाळपणा नको. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

तिसरं, गोळ्यांची सवय लागेल ही भीती. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमके पहिले पंधरा दिवस 'काय फरक न्हाई' म्हणून लोक त्या सोडतात. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. त्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण मनानं एकदम बंद करायच्या नसतात. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजारालाही इतर आजारांसारखंच संरक्षण द्यावं असं हाच २०१७ चा कायदा सांगतो.

पायरी सातवी: मुळातल्या अडचणीला हात घाला

सकाळी वसुलीवाला दारात उभा राहणार असेल तर समुपदेशन कितीसं टिकणार? मन आणि अडचण दोन्हीकडं एकाच वेळी बघावं लागतं.

कर्जाचं असेल तर आधी सगळं कागदावर मांडा: कुणाचं किती, व्याज काय, तारण काय. बँकेची किंवा फायनान्स कंपनीची माणसं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करू शकत नाहीत, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं महाराष्ट्र सावकारी कायदा, २०१४ नुसार गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडं किंवा जिल्हा उपनिबंधकाकडं करायची. सावकारीत गेलेली जमीन परत मागण्याची सोयही त्या कायद्यात आहे. मोबाइलवरच्या कर्ज ॲपनं फोटो पसरवायची धमकी दिली तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. पोरगा ऑनलाइन जुगारात अडकला असेल तर घरच्यांनी आधी त्याला जिवंत ठेवावं, पैशाचा हिशेब महिन्यानं करावा.

छळ, मारहाण असेल तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, आणि वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत, तिचा नंबर १५१००. बाईला 'घरातलं घरात मिटवा' म्हणून परत पाठवणारी पंचायत तिच्या जिवाशी खेळत असते.

परीक्षेचं असेल तर निकालाच्या दिवशी पोराला घरात एकटं ठेवू नका. नापासांना त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते हे निकालाच्या आधीच बोलून ठेवा. राजर्षी शाहूंनी या शहरात १९०१ पासून बोर्डिंगं काढली ती खेड्यातल्या पोराला शिकताना डोक्यावर छप्पर आणि पाठीवर हात मिळावा म्हणून. आज स्पर्धा परीक्षेसाठी कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांना छप्पर मिळतं. पाठीवर हात कुणाचा? पाच वर्षं घातलेल्या पोराला गावाकडं परतायची लाज वाटते. अभ्यासिकेच्या मालकानं दारातच १४४१६ ची पाटी लावावी आणि कुठली खुर्ची चार दिवस रिकामी आहे यावर नजर ठेवावी.

पायरी आठवी: दवाखान्यातनं आल्यावर जात राहा

या पायरीवर आपली सगळ्यांचीच ढिलाई होते. पहिल्या दिवशी दवाखान्यात शंभर माणसं, पंधराव्या दिवशी दारात कुणी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला सुमारे तासाभराचं समजावून सांगणं आणि नंतर १८ महिन्यांत ९ वेळा फोन किंवा भेट. दीड वर्षानं नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येनं गेलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, संपर्क ठेवलेल्या गटात ०.२ टक्के. कुणीतरी येऊन 'कसा आहेस' विचारत राहिलं, एवढाच मोठा फरक होता.

तेव्हा वहीत तारखा घाला. पहिला महिना आठवड्यातनं दोनदा, त्यात निदान एकदा घरी जाऊन. पुढचे दोन महिने आठवड्यातनं एकदा. मग वर्ष-दीड वर्ष महिन्यातनं एकदा. कोण जाणार त्याचं नाव तारखेपुढं लिहा. गेल्यावर दर वेळी 'ते' विषय काढायची गरज नाही. म्हशीचं, मॅचचं, पावसाचं बोला, गोळ्या संपल्यात का विचारा, डॉक्टरांची पुढची तारीख बघा. त्याला काम सांगा: गणपतीच्या वर्गणीचा हिशेब, मैदानाची आखणी, महाप्रसादाची खरेदी. आपली कुणाला तरी गरज आहे हे त्याला हाताला लागायला हवं.

त्याच्यासोबत बसून एक कागदही करा. विचार यायला लागले की मला आधी काय जाणवतं, तेव्हा काय केलं की बरं वाटतं, कुणाकडं जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा, शेवटी १४४१६ आणि दवाखाना. त्याच्याच शब्दांत, त्याच्याच अक्षरात. तो कागद पाकिटात आणि फोटो मोबाइलमध्ये.

घडलंच तर

एवढं करूनही कधी कधी माणूस जातो. मग पहिलं काम, व्हॉट्सॲप. कसं केलं, कुठं केलं, चिठ्ठीत काय होतं, फोटो, यातलं काहीही ग्रुपवर जाऊ द्यायचं नाही. ग्रुपच्या ॲडमिननं तिथंच पुसायचं. अशा तपशिलांनी आधीच डळमळलेल्या दुसऱ्या माणसाला वाट दिसते. तरुण पोरांत हे जास्त होतं. श्रद्धांजलीचा मोठा फलक लावू नका, मिरवणुकीसारखं काही करू नका. त्याच्या जवळच्या चार मित्रांना मात्र वेगवेगळं भेटा आणि तिसऱ्या पायरीतला प्रश्न त्यांनाही विचारा.

घरच्यांना लोक टाळतात, कारण काय बोलावं कळत नाही. काही बोलू नका, डबा घेऊन जा. 'तुम्हाला कळलं कसं न्हाई?' हे कुणीही, कधीही विचारू नये. आणि मागं राहिलेल्या बाईचं काय, हे आपल्या जिल्ह्यानं देशाला दाखवलंय. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. राज्य सरकारनं त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर दोष अंगावर घेऊन जगणाऱ्या बाईला असा ठराव फार मोठा आधार आहे. तुमच्या गावात तो झालाय का बघा. नसेल तर येत्या ग्रामसभेत मांडा. औषधाच्या कुलपाच्या पेट्यांचा विषयही त्याच सभेत घ्या.

१० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. तो बऱ्याच वर्षी गणपतीच्या आगेमागे येतो. एक संध्याकाळ सीपीआरच्या किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा आणि मंडपात लोकांना प्रश्न विचारू द्या. चिठ्ठीवर, नाव न लिहिता.

सोबत करणाऱ्यांनी

एका माणसाची जबाबदारी एकट्यानं घेऊ नका, दोघांनी घ्या. रात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायला लागलं, झोप जायला लागली, तर वहीतली पुढची तारीख दुसऱ्याच्या नावावर करा आणि दोन आठवडे बाजूला व्हा. गटानं महिन्यातनं एकदा एकत्र बसावं, कुणाची नावं बाहेर न काढता आपल्याला काय जड गेलं ते बोलावं. १४४१६ हा नंबर तुमच्यासाठीही आहे.